थोरलीशी भांडायचं नाही

त्या शिवणाच्या दुकानात दोन जावा काम करत, आणि त्या भांडायला लागल्या की समोरचा घड्याळवाला आपला रेडिओ बारीक करी. थोरली कापायची, धाकटी शिवायची. कापलेलं आणि शिवलेलं एकमेकांशी जुळलं नाही की चूक कुणाची यावरून शब्दाने शब्द वाढायचा. "तुला कात्री धरता येते का नुसतीच वाजवता येते?" असं धाकटीने मशीनवरून म्हणायचं. "तुझं मशीन सरळ रेषेत चाललेलं बघायचं आहे मला, डोळे मिटायच्या आत," असं थोरलीने टेबलावरून. चहा आला की दोघी एकाच किटलीतून चहा घेत आणि कप तोंडाला लावून भांडण पुढे चालू ठेवत. थोरलीचा नवरा इस्त्रीच्या वाफेत तोंड लपवून उभा असे. गिऱ्हाइकांना सवय झाली होती. कुठल्याही बाजूने बोललं तर दोघी मिळून आपल्यावर उलटतात, हे गिऱ्हाइकं अनुभवाने शिकली होती. आणि एवढं भांडून त्या दुकानातून वाईट बेतलेला कपडा कधी बाहेर पडला नाही, हेही सगळे मान्य करत.

आता त्या दुकानात मशीनची घरघर तेवढी ऐकू येई.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी थोरलीला आधी झोप येईनाशी झाली, मग तिचा मापांवरचा विश्वास उडाला. लोक मुद्दाम श्वास रोखून खोटी मापं देतात, सगळ्यांनी मिळून आपल्याला फसवायचं ठरवलंय, असं तिच्या मनाने घेतलं. गळ्यात टेप घालून ती लोकांच्या दारात जाऊ लागली आणि दार उघडणाऱ्याची छाती मोजू लागली. काही हसले, काहींनी तोंडावर दार लावलं. एका सकाळी ती भर रस्त्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत होती. तेव्हा घड्याळवाला दुकानाच्या पायऱ्या उतरून आला, त्याने दोन्ही हात वर केले आणि "घ्या, माझं माप घ्या" असं म्हणत, एकेक पाऊल मागे सरत, तिला तिच्या घरापर्यंत आणलं. त्याच दिवशी नवऱ्याने तिला मनाच्या दवाखान्यात नेलं. तिथे ती बरेच महिने राहिली.

लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न नवऱ्याने एक मावशी उभी करून सोडवला. थोरलीची मावशी लांबच्या गावी आजारी आहे, तिची सेवा करायला थोरली गेली आहे. थोरलीची आई एकुलती एक होती, तिला बहीणच नव्हती. पण हे कुणाला माहीत असणार? आणि गंमत अशी, की ज्यांनी तो रस्त्यातला प्रकार डोळ्यांनी पाहिला होता तेही तोंड वर करून मावशीची चौकशी करत. "काय म्हणते मावशींची तब्येत?" "झोप लागते का आता?" घरी परतल्यावर थोरलीलाही मावशीचं काम पुढे चालवावं लागलं. "बरी आहे आता. औषधं चालू आहेत. दुपारी जरा झापड येते, जीभ कोरडी पडते, पण खाते-पिते," असं ती सांगे. स्वतःच्या दुखण्याबद्दल एवढं तरी बोलता येतं म्हणून तिला त्या नसलेल्या मावशीचा लळा लागला होता. हे आठवलं की तिला स्वतःचीच कीव येई.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीण बाईंनी नवऱ्याला बसवून सांगितलं होतं. औषध चुकवायचं नाही, घरात फार ताण नको, आणि यांना नेहमीसारखं जगू द्या. नवरा मुळातला भित्रा. त्याने पहिल्या दोन गोष्टी गाठीला बांधल्या, तिसरी दवाखान्याच्या फाटकातच सोडून दिली. घरी येऊन त्याने नियम केला: थोरलीशी भांडायचं नाही.

आणि धाकटीने तो पाळला. जिच्या तोंडाला लगाम घालायची कुणाची छाती नव्हती, तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. थोरलीला ती आजवर "ताई" म्हणत असे, पण "ए ताई, तू". आता तीच "ताई, तुम्ही बसा ना, मी आणते" म्हणू लागली. थोरलीने चहा पांचट केला तरी छान. थोरलीने खिडकी उघडली तरी चालेल, लावली तरी चालेल. तळहातावरच्या फोडासारखी जपत होते सगळे तिला. आता फोडाला कुणी विचारावं, बाबा तुला कसं वाटतं?

पहिले काही आठवडे मोठी कात्री दुकानात नव्हतीच. "धार लावायला दिलीय," नवरा म्हणाला. थोरलीने बटणं टाचली, तुरपाई केली. कात्री घरच्या कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली आहे, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तो तिच्याकडे न बघता खोटं बोलला होता, आणि खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे तिला लग्नापासून माहीत होतं. तिला राग आला नाही. दवाखान्यात तिने अशी माणसं पाहिली होती ज्यांना घरचं कुणी न्यायलाच येत नव्हतं. इथे निदान खोटं बोलायला तरी माणूस होता. एक दिवस तिने स्वतःच कपाट उघडलं, कात्री पदराखाली घेतली, दुकानात आली आणि टेबलावर ठेवली. "धार झाली," ती म्हणाली.  त्या दिवसापासून ती पुन्हा कापू लागली.

हात आधीसारखा चालत नव्हता. औषधाने बोटं जड झाली होती, खडूची रेघ एकदा ओढून समाधान होत नसे. पण कापलेलं शिवून टांगलं जात होतं, गिऱ्हाइकं घेऊन जात होती, कुणी तक्रार घेऊन येत नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना ती टांगलेल्या कपड्यांकडे वळून बघे. आपण परत आलो, असं तिला त्या कपड्यांकडे बघून वाटे. दुसऱ्या कशाकडे बघून तसं वाटत नव्हतं.

मग एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत, पण कपडे इथेच शिवून घेत. त्या निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या समारंभाला त्यांना गडद निळ्या मखमलीचा कोट हवा होता. "बाही या वेळी आखूड नको," त्यांनी बजावलं, दर वेळी बजावत तसंच. कापड बेताचंच होतं. थोरलीने सकाळभर ते टेबलावर पसरून ठेवलं, तुकडे असे मांडून बघितले, तसे मांडून बघितले, आणि जीव मुठीत धरून कात्री चालवली.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर हात घसरतो, उलट फिरवला तर लव उभी राहते. कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर उजेडात एक बाजू निळी दिसते आणि दुसरी काळपट. शिवणकाम शिकणाऱ्या पोरीलाही हे ठाऊक असतं.

धाकटी उठून आली. कापलेल्या तुकड्यांकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, नाकपुड्या फुगल्या. ती जुनी, ओळखीची चिन्हं बघून थोरली नकळत सावरून उभी राहिली. पण नवऱ्याने इस्त्रीवरून खाकरल्यासारखं केलं. धाकटीचं तोंड मिटलं.

"छान झालंय, ताई," ती म्हणाली. "तुम्ही आता घरी जाऊन पडा जरा."

दुपारी झापड यायचीच. थोरली घरी गेली, गोळी घेतली, आडवी झाली. पण ते फुगलेलं नाक काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. थोड्या वेळाने ती उठली, चपला घातल्या आणि दुकानात परत गेली.

धाकटी टेबलाशी उभी राहून मखमल कापत होती. नवी मखमल, त्याच रंगाची, घाईने बाजारातून आणलेली. दुकानाच्या मागच्या बाजूला चिंध्यांची गोणी होती, तिच्या तोंडातून निळा तुकडा बाहेर आला होता. थोरलीने तो ओढला. तिने सकाळी कापलेला कोटाचा छातीवरचा पुढा. तिने दुसरा पुढा शोधला, दोन्ही शेजारी ठेवले आणि हात फिरवला. एकावरून हात घसरला, दुसऱ्यावर अडला.

बरं, ही चूक तिचीच होती, यात वादच नव्हता. पण मग तिचा हात गोणीत आणखी आत गेला. खाली एक करडी कॉलर निघाली. एक बाही. एका शर्टाची पाठ. सगळं तिच्या हातचं, गेल्या कित्येक आठवड्यांचं. तिने कॉलर टेबलावर ठेवली, टेपने मोजली, उलटून बघितली, पुन्हा मोजली. कॉलर बिनचूक होती. बाहीसुद्धा बिनचूक होती.

टांगलेल्या कपड्यांकडे आता तिला बघवेना. त्यातलं तिचं काहीच नव्हतं.

"ही कॉलर का टाकली?" तिने विचारलं.

धाकटीने कात्री खाली ठेवली. "ताई, तुम्ही का आलात उन्हाच्या..."

"मखमल चुकली, कबूल. कॉलर का टाकली?"

"मी... ती नीट बघितलीच नाही मी," धाकटी पुटपुटली. "वाटलं, कशाला उगाच..."

"नीट बघितलीच नाहीस! म्हणजे माझ्या हातचं आलं की न बघता गोणीत?" थोरलीचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला; तिचा तिलाच तो अनोळखी वाटला. "अगं, चुकलेलं फेकलंस तर मी समजू शकते. बरोबर असलेलंसुद्धा?"

नवरा धावत आला. त्याचा हात तिच्या खांद्यावर आला, अगदी हलका, तापलेल्या भांड्याला लावावा तसा. "शांत हो. शांत हो बघू. दुपारची गोळी घेतलीस ना?"

थोरलीने तो हात बाजूला केला.

"घेतली," ती म्हणाली. "रोज घेते, जन्मभर घेईन. पण हा राग आजाराचा नाही हो. हा राग माझा आहे. कुणी माझं काम गोणीत भरलं तर मला राग येणार. आधी यायचा तेव्हा तुम्ही इस्त्री करत बसायचात. आता मी जरा हसले तरी गोळी घेतलीस का, बोलले तरी गोळी घेतलीस का. मी काय करू? काय केलं म्हणजे तुम्हाला वाटेल की ही मीच आहे?"

 नवऱ्याचे कान लाल झाले होते, तो काही बोललेला नसतानाही.

आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या राहिल्या. या भागात काही काम होतं, म्हटलं कोटाचं बघावं, असं म्हणत आत आल्या, खुर्चीवर टेकल्या आणि रीतीप्रमाणे थोरलीला विचारलं, "काय, मावशी कशा आहेत?"

नवऱ्याने थोरलीकडे बघितलं. त्या बघण्यात काकुळती होती. एवढं एक सांभाळ, असं तो डोळ्यांनी म्हणत होता. थोरलीला त्याची दयाही आली. हा माणूस एकटा त्या मावशीला एवढे महिने पोसत होता. पण तिच्या हातात ती करडी कॉलर होती.

"मावशी नाही, बाई," ती म्हणाली. "मला मावशीच नाही. मीच होते आजारी. मनाच्या दवाखान्यात होते. आता बरी आहे, औषध चालू आहे. तुमचा कोट मी सकाळी चुकवला. तो आजारामुळे चुकला का कापड कमी म्हणून चुकला, देव जाणे."

 मुख्याध्यापिका बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. त्या वाईट बाई नव्हत्या, पण त्यांची नजर टेबलावरच्या मोठ्या कात्रीकडे गेली आणि तिथून चटकन बाजूला झाली. सगळ्यांना ते दिसलं. थोरलीला सगळ्यांत आधी दिसलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मग आता कोट... कोण कापणार?"

"धाकटी कापेल," नवरा घाईने म्हणाला. "सुरुवात केलीच आहे तिने. तुम्ही काही काळजी करू नका."

थोरली धाकटीकडे बघत राहिली. तिला विनवणी करायची नव्हती. पण आज ही नवी मखमल धाकटीच्या हातून पुरी कापली गेली, की उद्यापासून आपण बटणंच टाचणार, नंतर तीही गोणीत जाणार, हे तिला लख्ख कळत होतं.

धाकटीचं नाक फुगलं.

"मी कापणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पण..." नवरा.

"मी मखमल कापत नाही, भाऊजी. मला नाही येत. ही बघा, कडा कशा कुरतडल्यासारख्या झाल्यात. या दुकानात मखमल हिने कापायची, हिच्याशिवाय कुणाला येत नाही ती!" आणि मग ती थोरलीकडे वळली, तेव्हा धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. "आणि तू! मखमल उलटी कापलीस! एवढं वय झालं, लव कुठल्या दिशेला आहे ते बोटांना कळत नाही? हात फिरवून बघायला काय झालं होतं तुला?"

"कापड कमी होतं!"

"कापड तुला कायम कमीच असतं! त्या गायिकेच्या झग्याचं काय केलं होतंस? तेव्हाही उलटीच कापलीस. आजाराचं कौतुक मला सांगू नकोस, ताई. वेड लागायच्या आधीही तू मखमल उलटीच कापायचीस!"

तो शब्द दुकानाच्या मधोमध पडला. इतके महिने तो घरात कुणी उच्चारला नव्हता. दवाखाना, प्रकृती, तो काळ, ते दिवस, मावशी, हजार शब्द वापरले होते त्याच्या जागी. नवरा पांढराफटक पडला. धाकटीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, आणि त्या हातामागे तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"बघितलंस?" ती रडत म्हणाली. "म्हणून मी बोलत नव्हते. माझं तोंड असं आहे. त्या आठवड्यात आपण भांडलो होतो, आठवतंय तुला? मी म्हटलं होतं, तुझी मापंच खोटी असतात. आणि मग तू टेप घेऊन... मीच लावलं तुला ते. मला रोज रात्री तेच दिसतं. परत काही बोलले आणि परत तू रस्त्यावर जाऊन उभी राहिलीस तर?"

थोरलीला हे ठाऊक नव्हतं. सगळे आपल्याला घाबरतात, एवढंच तिला वाटत होतं. ही पोरगी आपल्याला नाही, स्वतःच्या जिभेला घाबरून एवढे महिने गप्प आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.  पण डोळ्यांत पाणी असतानाही तोंडातून निघालं ते जुन्याच सवयीचं:

"तुझ्या तोंडाने मला वेड लागत असतं ना, तर या घरात तू आलीस त्याच वर्षी लागलं असतं!"

धाकटी हुंदका देता देता थांबली. तिच्या नाकातून हसण्याचा एक विचित्र आवाज निघाला. थोरली टेबलाशी गेली, धाकटीने कापलेला तुकडा उजेडात धरला आणि तिच्या अंगात पूर्वीचं वारं शिरलं.

"आणि ह्याला काय कापणं म्हणतात? उंदराने कुरतडलंय का? नवीन कापडाचाही सत्यानाश करून ठेवलास!"

"मला येत नाही म्हणून सांगितलं ना! मला कुणी विचारलं?"

"बाही निघेल का आता यातून?"

"तिरकी धरलीस तर निघेल. पण हात फिरवून बघ आधी! बघ! माझ्यासमोर बघ!"

थोरलीने मखमलीवर हात ठेवला आणि फिरवला. धाकटीने त्याच हातावर आपला हात दाबून तो पुन्हा एकदा फिरवला, खात्रीसाठी. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघी तावातावाने भांडत होत्या. नवरा एक पाऊल पुढे आला, मध्ये पडण्यासाठी हात उचलला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो मागे फिरला, इस्त्रीपाशी जाऊन उभा राहिला आणि वाफेत तोंड लपवलं.

मुख्याध्यापिका बाई उठल्या. दारापाशी जाऊन थबकल्या. आयुष्यभर त्या पोरांना गप्प करत आल्या होत्या. त्यांनी घसा साफ केला.

"कोट मला वेळेवर हवाय," त्या थोरलीला म्हणाल्या. "आणि एकदाच सांगते, बाही आखूड नको."

"आखूड होणार नाही," थोरली डोळे पुसत म्हणाली. "मागच्या वेळी ती हिने शिवताना आत घेतली होती."

"मी? मी आत घेतली?" धाकटी म्हणाली.

थोरलीने कात्री उचलली. रस्त्यापलीकडे घड्याळवाल्याने मान वर करून या दुकानाकडे बघितलं, आणि हात लांब करून रेडिओ बारीक केला.